बारा रेघांचे एक अक्षर
(तुडील, ता. महाड, जि. रायगड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला गेल्यापासून मला दोन प्रश्न विचारले जात आहेत. तुडीलमध्ये चिनी अक्षर कशाला, हा पहिला. चिनी अक्षरावरच बोलायचे आहे तर मग डॉक्टर कोटणीसांवर का बोलत नाही, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथे पाचही जणांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे एकच अक्षर जोडले गेले. हुआ म्हणजे चीन. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, त्यांच्याही नावाला ते लागले. पुढे कोटणीसांना मुलगा झाला, त्याचे नाव यिन-हुआ ठेवले; यिन म्हणजे भारत. ही गोष्ट मोठीच आहे, पण ती चीनने आपल्या माणसाला दिलेल्या अक्षराची आहे. मला उलट्या दिशेची गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडचा एक शब्द तिकडे गेला आणि तो लिहायला चिन्यांपाशी अक्षरच नव्हते, म्हणून त्यांना नवे घडवावे लागले.

आता पहिला प्रश्न. खाडीपट्ट्यातून राजेवाडीवरून महाडला गेलात आणि मुंबईच्या रस्त्याला लागलात की दोन-तीन किलोमीटरवर पाल्याचा डोंगर येतो. गांधारी नदी तिथेच सावित्रीला मिळते. एसटीच्या खिडकीतून ती लेणी तुम्ही शेकडो वेळा पाहिली असतील. वर चढून गेलेले हात वर करा म्हटले तर किती हात येतील याची मला शंका आहे. सुमारे तीस लेणी आहेत, ओळींनी खोदलेली. एका लेखात कुमार काणभोअ व्हेणुपालित याने दिलेल्या दानाची नोंद आहे. व्हेणुपालित म्हणजे आपला विष्णुपालित. लेख ब्राह्मी लिपीत आहे, भाषा प्राकृत. दानात काय दिले? लेण दिले, चेतियघर दिले, ओवरक दिले, पाण्याच्या पोढी, म्हणजे टाक्या, दिल्या. ओवरक म्हणजे देवळाच्या आवारात आपण जिला ओवरी म्हणतो ती. लेण म्हणजे लेणे. दीड हजाराहून जास्त वर्षांपूर्वी या डोंगरावर छिन्नीने कोरलेला शब्द तुमची आजी आजही बोलते. आणि चेतियघर म्हणजे ज्या दालनात पूजेचा स्तूप असतो ते दालन.

स्तूप हा शब्द मात्र त्या काळच्या लोकांच्या तोंडी असा नव्हता. ‘स्त’ हे जोडाक्षर प्राकृतात टिकत नाही. हस्ताचा हात झाला, पुस्तकाची पोथी झाली, तसाच स्तूपाचा थूप झाला. हा माझा तर्क नव्हे. लोणावळ्याजवळ भाजे लेण्यांत एका बाजूला चौदा स्तूप दाटीने उभे आहेत. ते तिथे राहून गेलेल्या थेरांचे, म्हणजे वृद्ध भिक्षूंचे स्मारक-स्तूप. काहींवर त्या भिक्षूंची नावे कोरली आहेत आणि एका नावापुढे चक्क ‘थुपो’ असे लिहिले आहे. कान्हेरीलाही अशीच नोंद सापडते. तेव्हा घाटावर आणि घाटाखाली, दोन्हीकडे, या वास्तूला थूप म्हणत, हे दगडावर लिहिलेले आहे.

आज ज्या अक्षरावर बोलायचे ते अक्षर या थूपाचे आहे. चिनी भाषेत आज त्याचा उच्चार ‘था’ असा होतो. आवाज आधी खाली नेऊन मग वर उचलायचा.

व्याख्यानाच्या वेळी मी ते फळ्यावर काढून दाखवले होते. छापील मजकुरात ते देता येत नाही, म्हणून शब्दांनी काढतो. हातात पेन्सिल असेल तर बरोबर काढत चला. एक चौकोन मनात धरा. चिनी अक्षर कितीही गुंतागुंतीचे असले तरी ते तेवढ्याच चौकोनात बसवावे लागते. चौकोनाचा डावा तिसरा हिस्सा एका भागासाठी, उरलेला उजव्या भागासाठी. डावीकडे आधी एक आडवी रेघ. तिला छेदून वरून खाली एक उभी. मग तळाशी आणखी एक रेघ, पण ती सरळ न ओढता डावीकडून उजवीकडे चढती. झाल्या तीन रेघा. हा डावा भाग म्हणजे माती. एरवी तो स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिला तर तळाची रेघ आडवी आणि लांब असते; शेजारी दुसरा भाग आला की ती अंग चोरून तिरकी होते.

उजवीकडे वरून खाली या. सगळ्यात वर एक आडवी रेघ आणि तिला छेदणाऱ्या दोन छोट्या उभ्या. ही गवताची खूण. झाडपाल्याशी संबंध असलेल्या अक्षरांच्या डोक्यावर ती येते. तिच्याखाली घराच्या छपरासारख्या दोन तिरक्या रेघा, एक डावीकडे उतरणारी, एक उजवीकडे. छपराखाली एक छोटी आडवी. तिच्याखाली एक चौकट, म्हणजे तोंड. ती चार बाजूंची असली तरी तीन रेघांत काढतात, कारण वरची आणि उजवी बाजू पेन न उचलता एका दमात होते. मोजा : तीन, तीन, दोन, एक, तीन. बारा.

आता या बारा रेघांत अर्थ कुठे आहे? डावीकडच्या मातीत आहे. वाचणाऱ्याला ती एवढेच सांगते, की हा विषय मातीचा, बांधकामाचा, जमिनीवर उभ्या असलेल्या कशाचा तरी आहे. उजव्या भागात अर्थ शोधू नका, नाही तर फसाल. तो उजवा भाग सुटा घेतला तर जुन्या चिनीत त्याचा अर्थ आहे एक बारीक दाण्याचे कडधान्य. स्तूपाच्या अक्षरात कडधान्य कशाला आले? केवळ आवाजासाठी. त्या काळी त्या कडधान्याच्या नावाचा उच्चार साधारण ‘ताप्’ असा होत असे. मातीची खूण अधिक ताप् असा आवाज, बाकीचे वाचणाऱ्याने ओळखावे. चिनी अक्षरे म्हणजे सगळी चित्रेच, असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. डोंगर, पाणी, माणूस अशी थोडी अक्षरे चित्रांतून आली हे खरे. पण बहुसंख्य अक्षरे अशीच, एका बाजूने अर्थाची खूण आणि दुसऱ्या बाजूने आवाजाची खूण जोडून बनलेली आहेत. चित्र काढून ‘भीती’ कशी दाखवणार? ‘काका’ कसा दाखवणार? तिथे आवाजाचाच आधार घ्यावा लागतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. चिनीत मातीला ‘थू’ म्हणतात. म्हणजे डावीकडे थू आणि उजवीकडच्या आवाजाचा शेवट ‘प्’वर. थू आणि प्, थूप! असे जुळवून दाखवणारे लोक मला भेटलेले आहेत आणि त्यांचा आनंद मला समजतो. पण हा योगायोग आहे. माती तिथे अर्थासाठी बसली आहे, आवाजासाठी नाही. शब्दांच्या प्रांतात योगायोग फार असतात आणि त्यांच्यावर संशोधनाचे इमले बांधणारेही फार असतात.

हे अक्षर केव्हा जन्मले, हे सांगता येते, आणि ते सांगण्याची पद्धत मला फार आवडते. चीनमध्ये श्यू शन नावाच्या पंडिताने अक्षरांचा पहिला मोठा कोश केला. तो इसवी सन १०० च्या सुमारास पूर्ण झाला आणि १२१ मध्ये बादशहाला सादर झाला. त्यात ९३५३ अक्षरे आहेत. एवढ्या अक्षरांत ‘था’ नाही. पुढे ९८६ साली श्यू श्वेन नावाच्या दुसऱ्या पंडिताने त्याच कोशाची नवी आवृत्ती सिद्ध केली आणि मूळ कोशात नसलेली ४०२ अक्षरे पुरवणीत घातली. त्या पुरवणीत आपले अक्षर आहे आणि अर्थ दिला आहे तो असा, की पश्चिमेकडच्या मुलखातली बौद्ध वास्तू. त्यांची पश्चिम म्हणजे मध्य आशिया आणि हिंदुस्थान. कोशाबाहेर ते याच्या खूप आधी रुळले होते. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात येऊन गेलेल्या फाहियानच्या प्रवासवर्णनात ते पानोपानी आहे. म्हणजे पहिल्या कोशानंतरच्या दोन-तीनशे वर्षांत कधीतरी कुणा लेखनिकाने, आपले नाव मागे न ठेवता, मातीशेजारी कडधान्य बसवले.

ही वर्षे कशाची आहेत? अन्-शि-काओ हा पार्थियाचा भिक्षू इसवी सन १४८ मध्ये लोयांगला पोचला आणि त्याने बौद्ध ग्रंथ चिनीत आणायला सुरुवात केली. त्याच्यामागून गंधारातले, मध्य आशियातले भिक्षू आले. ४०१ मध्ये कुमारजीव चांगआनला आला. हे लोक संस्कृत आणि वेगवेगळ्या प्राकृत बोलत आणि ऐकणारे चिनी लेखनिक कानाला लागेल तसे लिहून घेत. तेव्हा ‘था’ हे अक्षर थेट भाज्याहून किंवा पाल्याहून गेले असे मी म्हणत नाही. गेले ते उत्तरेच्या खुष्कीच्या मार्गाने. पण भाज्याला जी प्राकृत दगडावर आहे तिचीच बहीण त्या मार्गावर चालत होती. त्या काळात चिनी लेखनिकांना असे पुष्कळ शब्द एकदम पेलावे लागले. बुद्धाला भुलवू पाहणारा जो मार, त्याच्या नावासाठी त्यांनी भुताची खूण घालून नवे अक्षर बनवले. भिक्षूच्या पात्रासाठी ‘पो’ आले, संघासाठी ‘संग’. आपली मल्लिका, म्हणजे मोगऱ्याच्या जातीचे फूल, तिकडे ‘मो-ली’ झाली. बदल्यात आपण काय घेतले म्हणाल, तर मघाशी तुम्ही सगळे प्यायलात तो चहा. शब्दासकट.

आता आवाजाकडे. त्या काळी अक्षराचा उच्चार ‘थाप्’सारखा होता, शेवटी ओठ मिटणारा. थूपातला ऊ जाऊन आ का आला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, मी त्यात शिरत नाही. शेवटचा ‘प्’ मात्र नीट ओळखू येतो. उत्तर चीनच्या बोलीत असे शब्दाच्या शेवटचे प्, त्, क् हळूहळू गळून गेले. चौदाव्या शतकापर्यंत ते गेलेच होते. म्हणून आजच्या प्रमाण चिनीत नुसता ‘था’ उरला. पण हाँगकाँगच्या कँटनी माणसाला विचारा, तो ‘थाप्’ म्हणेल. कोरियाचा माणूस ‘थाप्’ म्हणेल, व्हिएतनामचा ‘थाप’ म्हणेल. कोकणातल्या पुष्कळ घरांतली माणसे जहाजांवर गेलेली असतात. बाणकोटच्या तोंडातून बाहेर पडून पूर्वेची बंदरे पाहिलेले कुणी या सभेत असतील तर त्यांच्या कानावरून हा शब्द नक्की गेला असेल. दीपगृहाला कँटनीत ‘दिव्याचा थाप्’ म्हणतात.

या गोष्टीत आता जो माणूस येतो तो आपल्याला शाळेच्या इतिहासात भेटलेला आहे. ह्युएन-त्संग. सातव्या शतकात, ६४१ च्या सुमारास, तो महाराष्ट्रात आला. त्याने या देशाचे नाव ‘मो-हो-ला-छा’ असे चार अक्षरांत लिहिले. इथल्या माणसांचे त्याने केलेले वर्णन आपल्याला फार आवडते आणि आपण ते फार वेळा सांगतो : उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी बजावून घेतात. पुलकेशीच्या मद्य पाजलेल्या हत्तींची गोष्टही त्याचीच. त्या वर्णनाच्या पुढच्या ओळी मात्र कुणी सांगत नाही. तो म्हणतो की इथे शंभरावर विहार आहेत, पाच हजारांच्या आसपास भिक्षू आहेत, राजधानीच्या आत-बाहेर अशोकाने बांधलेले पाच स्तूप आहेत, आणि दगडाविटांचे बाकीचे इतके आहेत की सगळे सांगणे कठीण. तो पाल्याला आला होता का? तसे म्हणायला पुरावा नाही. ग्रीक भूगोलकार टॉलेमीचे बालिपटण आणि पेरिप्लस या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथातले पालैपटमाइ म्हणजे आपले पाले, असे जुन्या अभ्यासकांनी सुचवले होते. तेवढ्याने ह्युएन-त्संगाला सावित्रीच्या काठी आणून बसवता येत नाही.

पण मला त्याच्या त्या ओळीतला शब्द पाहायचा आहे. त्याने ‘था’ लिहिले नाही. त्याने लिहिले ‘सू-तू-पो’. तीन अक्षरे. स्तूप या संस्कृत शब्दाचा चिनी तोंडाला जमेल तितका चोख उच्चार. ह्युएन-त्संग नालंदेत शिकलेला, संस्कृत व्याकरण पक्के केलेला माणूस. आधीच्या अनुवादकांची मोडकीतोडकी रूपे त्याला सहन होत नसत. प्रवासवर्णनाच्या पहिल्याच भागात तो थांबून सांगतो, की याला पूर्वीचे लोक अमुक म्हणत, तमुक म्हणत, आणि अशी पाच रूपे मोजून दाखवून ती सगळी अपभ्रष्ट ठरवतो. त्यांत ‘था-पो’ हे रूपही आहे, म्हणजे आपले हेच बारा रेघांचे अक्षर. सिंधूला, मथुरेला, स्वतः हिंदुस्थानला, सगळ्यांना त्याने अशीच नवी, शुद्ध लेखने दिली. आपल्याकडे शुद्धलेखनावरून वाद घालणाऱ्यांना या माणसाविषयी आपुलकी वाटायला हरकत नाही.

कोणता शब्द भाषांतरित न करता उच्चाराने तसाच ठेवावा, याचे पाच नियम त्याच्या नावावर सांगितले जातात. ते नियम उत्तम आहेत. एक नियम असा, की जी वस्तू चीनमध्ये नाहीच तिचे नाव मुळातलेच ठेवावे. त्याला उदाहरण दिले आहे जंबू वृक्षाचे, म्हणजे जांभळीचे. अनुवादशास्त्राच्या इतिहासात जांभळीचे झाड आहे, हे कोकणातल्या विद्यार्थ्यांना सांगायलाच हवे.

तर ह्युएन-त्संगासारखा अधिकारी पुरुष, बादशहाचा पाठिंबा, राजधानीत अनुवादाची कचेरी, हाताखाली पंडितांचा ताफा. असा माणूस म्हणाला की ‘था’ चूक, ‘सू-तू-पो’ बरोबर. मग काय झाले? ६५२ साली त्याने चांगआनला, म्हणजे आजच्या शीआनला, हिंदुस्थानातून आणलेल्या पोथ्या ठेवण्यासाठी एक स्तूप बांधायला घेतला. त्याच्या चरित्रकाराने लिहिले आहे की तो स्वतः टोपल्या आणि विटा वाहत होता. मातीचा गाभा आणि वरून विटांचे अस्तर, अशी हिंदुस्थानी धर्तीची ती इमारत होती. ती टिकली नाही, पन्नास वर्षांत पुन्हा बांधावी लागली. आज ती सात मजली आणि सुमारे ६४ मीटर उंच आहे, शीआनला जाणारा प्रत्येक प्रवासी ती पाहतो. तिचे नाव आहे ‘ता-यन-था’. मोठ्या रानहंसाचा था. ज्या अक्षराला त्याने चूक म्हटले तेच अक्षर त्याच्या स्वतःच्या इमारतीच्या नावात बसले. ‘सू-तू-पो’ आज फक्त ग्रंथांत आहे.

ह्युएन-त्संगाचे व्याकरण बरोबर होते. हरला तो सोयीपुढे. तीन अक्षरांचा, ऐकूनच परका वाटणारा शब्द रोज कोण बोलणार? ‘था’ एका श्वासात होतो. शिवाय तो चिनी अक्षरांच्या शिस्तीत बसतो : एक अक्षर, एक उच्चार, एक शब्द. त्याला माती चिकटलेली, त्यामुळे तो घरचा वाटतो. जपान्यांनी गंमत म्हणजे दोन्ही ठेवले. पाच मजली देवळाला ते ‘तो’ म्हणतात, हेच अक्षर. आणि स्मशानात कबरीमागे ज्या लांब, अरुंद लाकडी फळ्या उभ्या करतात, त्यांना ‘सोतोबा’. त्यात पूर्ण स्तूप शब्द आहे, अगदी पहिल्या ‘स’सकट. वास्तू गेली, फळी राहिली. शब्द मात्र अख्खा.

वास्तूचेही तेच. आपला स्तूप उपड्या वाडग्यासारखा, बसका. चीनमध्ये तो उंच झाला. त्यांच्याकडे आधीपासून अनेक मजल्यांचे लाकडी टेहळणी बुरूज होते. त्या मजल्यांवर आपल्या स्तूपाचे छत्र चढले आणि आपण ज्याला पॅगोडा म्हणतो तो झाला. होनान प्रांतातला सुंगयुए देवळाचा विटांचा था ५२३ सालचा आहे आणि उभा आहे. शान्शी प्रांतात यिंगश्येनचा लाकडी था १०५६ सालचा, सुमारे ६७ मीटर उंच. अक्षरातली माती तशीच राहिली, इमारत लाकडाची झाली. अक्षरे असा हिशेब ठेवत नाहीत.

त्यानंतर उंच असेल ते सगळे ‘था’ झाले. पाण्याची उंच टाकी म्हणजे पाण्याचा था. विजेच्या तारांचा मनोरा म्हणजे लोखंडी था. पॅरिसचा आयफेल टॉवरही लोखंडी था. इजिप्तचे पिरॅमिड ‘चिन्-अक्षरी था’ आहेत, कारण चिन्, म्हणजे सोने, हे अक्षर वर टोकदार आणि खाली पसरलेले दिसते; अक्षराच्या आकारावरून इमारतीला नाव देणारी भाषा मला दुसरी माहीत नाही. बांधकामाची उंच क्रेन था, आणि मोबाइलचे मनोरे उभारणाऱ्या सरकारी कंपनीचे नावच ‘चीनचे लोखंडी था’, २०१४ साली स्थापन झालेली. परकी नावे लिहिताना नुसता ‘ता’ किंवा ‘टा’ हवा असेल तरी हेच अक्षर वापरतात. ताजिकिस्तानात ते आहे, तालिबानमध्ये आहे. तालिबानने २००१ मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती उडवल्या, आणि त्यांचे नाव चिनीत लिहायचे म्हणजे स्तूपाच्या अक्षराने सुरुवात करावी लागते. याला कुणाचा इलाज नाही.

आणि टाटा. टाटा हे आडनाव चिनीत हेच अक्षर दोनदा लिहून होते. आपल्या जिल्ह्यात भिऱ्याला टाटांचे जलविद्युत केंद्र १९२७ पासून आहे. तिथून निघालेला विजेचा मनोरा पाहून एखाद्या चिनी माणसाने वहीत ‘टाटांचा मनोरा’ असे टिपून घेतले, तर चार अक्षरांत तीन वेळा स्तूप येईल.

एक म्हण तेवढी सांगतो, कारण तिच्यात जुना शब्द अडकून राहिला आहे. एकाचा जीव वाचवणे हे सात मजली स्तूप बांधण्यापेक्षा मोठे पुण्य, अशा अर्थाची ती म्हण आहे आणि चिनी माणूस ती आजही सहज बोलतो. तिच्यात स्तूपाला ‘फू-थू’ म्हटले आहे. ‘फू-थू’ हे मुळात बुद्ध या नावाचे पहिले चिनी रूप. पुढे लोकांनी बुद्ध आणि बुद्धाची इमारत यांची गल्लत केली आणि तो शब्द इमारतीला लागला. बुद्धासाठी मग ‘फो’ हे वेगळे अक्षर रूढ झाले. ‘फू-थू’सुद्धा ह्युएन-त्संगाच्या चुकांच्या यादीत आहेच. म्हणींवर त्या यादीचा परिणाम झाला नाही.

तिकडे हे सगळे चालले असताना इकडे थूपाचे काय झाले, हे सांगणे मला भाग आहे, आणि ते सांगताना बरे वाटत नाही. लेण राहिले, ओवरी राहिली, थूप गेला. बौद्ध विहार ओस पडले, वास्तूचा उपयोग संपला, नाव सांगणारे कुणी उरले नाही. नालासोपाऱ्याला एक मोठा मातीविटांचा ढिगारा होता. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला तेव्हा आत दगडी पेटी निघाली, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक आणि भोवती बुद्धांच्या आठ छोट्या ब्राँझ मूर्ती. स्तूपच तो. पण गावकरी त्या ढिगाऱ्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. टोपल्या विणणारा कुणी राजा होऊन गेला आणि हा त्याचा किल्ला, अशी समजूत. थूप हा शब्द कोकणात इतका पुसला गेला होता की त्याच्या जागी एक नवा राजा कल्पावा लागला. लेण्यांनाही आपण पांडवांची करून टाकले. आज आपण ‘स्तूप’ म्हणतो तो संस्कृत ग्रंथांमधून आणि शाळेच्या पुस्तकांमधून परत आलेला शब्द आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर तो लाखो मराठी घरांत बोलीत आला. म्हणजे ह्युएन-त्संगाला हवे असलेले शुद्ध रूप शेवटी चीनमध्ये नाही, महाराष्ट्रात चालले. आणि प्राकृतातले अपभ्रष्ट रूप चीनमध्ये. हे त्याला कळले असते तर त्याने काय लिहिले असते, याची मला उत्सुकता आहे.

या विषयाची वाट मराठी अभ्यासकांनीही चाललेली आहे, आणि त्यांतल्या एकाचे तरी नाव घेतले पाहिजे. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट पालीचे पंडित होते. समन्तपासादिका या पाली ग्रंथाचा संघभद्राने पाचव्या शतकाच्या अखेरीस केलेला चिनी अवतार त्यांनी जपानचे अकिरा हिराकावा यांच्याबरोबर इंग्रजीत आणला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने तो १९७० साली छापला. पालीतून चिनीत काय गेले, वाटेत काय गळले, हे ओळ ओळ ताडून पाहण्याचे काम कष्टाचे आहे. त्यांच्या मागून किती मराठी मुलांनी चिनी शिकून हे काम पुढे नेले, असे विचारले तर उत्तर लाजिरवाणे येईल. आता चिनी शिकतात ते व्यापारासाठी. तेही शिकावे, पण निदान एखाद्याने तरी पोथ्यांकडे वळावे.

शब्दामागून स्तूपाचा आकारही शेवटी तिकडे गेला. मे २०१० मध्ये लोयांगच्या श्वेताश्व विहाराच्या आवारात भारताने सांचीच्या धर्तीवर बांधलेल्या मंदिराचे उद्घाटन झाले. ते करायला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील गेल्या होत्या, जळगावच्या. अन्-शि-काओने जिथे पहिले अनुवाद केले त्याच शहरात उपड्या वाडग्याचा मूळ आकार सुमारे दोन हजार वर्षांनी पोचला.

शाळेच्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे, आणि ती मी ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या साक्षीने करतो. चिनी अक्षर तुम्ही आज शिकलात, ते विसरलात तरी चालेल. पण पाल्याच्या पायऱ्या चढून व्हेणुपालिताचा लेख पाहून या. ब्राह्मीची मुळाक्षरे आठवडाभरात येतात. ‘लेण’ आणि ‘चेतियघर’ एवढे दोन शब्द तुम्हाला स्वतः वाचता आले पाहिजेत. मोबाइलवर फोटो नीट यावा म्हणून अक्षरांत खडू भरू नका, पाणी ओतू नका, दगडावर आपली नावे तर मुळीच कोरू नका. ऊन तिरपे असताना अक्षरे आपोआप उठून दिसतात, म्हणून सकाळी लवकर जा. वहीत उतरवून घ्या, घरी आणा आणि मोठ्यांना वाचून दाखवा.